कात्रीमास्तरांची गल्ली

साथ आली, सलूनला कुलूप लागलं आणि कात्रीमास्तर घरी बसले. पण हाताला चैन कुठली? शेजाऱ्याचं वाढलेलं डोकं दिसलं की ते त्याला मागच्या अंगणात बसवत आणि एक पै न घेता केस कापून देत. हळूहळू सगळं शहर जटाधारी झालं, ही एवढी गल्ली मात्र लग्नाला निघाल्यासारखी चकाचक.

मग सरकारने जाहीर केलं की ज्यांचा धंदा खरोखर बंद आहे, त्यांना दुकानाच्या भाड्यापुरती मदत मिळेल. घरी केस कापले तरी धंदा चालूच समजणार. मास्तरांनी अर्ज केला, कारण भाडं थकलं होतं आणि मालक दुकान दुसऱ्याला द्यायला टपला होता. उद्या तपासनीस येणार असा निरोप आला, तेव्हा कुठे त्यांच्या बायकोने खिडकीतून गल्ली नीट पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"अहो, साहेब कुलूप कशाला बघतील? ही डोकी बघतील. जा, बिघडवा सगळी."

मास्तर कात्री घेऊन उभे राहिले, पण वाकडं कापायला हात धजेना. डोळे मिटून कापलं तरी सरळच. शेवटी बायकोनेच कात्री हिसकावली. निवृत्त पोस्टमनच्या मानेवर पायऱ्या पडल्या, दूधवाल्याची एक बाजू पार उजाड झाली. फुकटच्या हजामतीची जाण ठेवून कुणी हूं की चूं केलं नाही. मास्तर तेवढे भिंतीकडे तोंड करून बसले होते.

सकाळी तपासनीस आले. पोस्टमनला मागून-पुढून न्याहाळून मास्तरांना म्हणाले, "केस ताजे कापलेले दिसतायत. तुमचाच हात ना?"

झालं, मदत बुडाली असं गल्लीला वाटलं. मास्तरांच्या डोळ्यांत मात्र टचकन पाणी आलं.

"साहेब, पैसे नाही दिलेत तरी चालेल. पण असलं भिकार काम माझ्या नावावर घालू नका. ज्याने केलंय त्याने कात्रीला हातसुद्धा लावू नये."

एवढं दुःख कुणाला खोटं आणता येत नाही. साहेबांनी तिथल्या तिथे सही केली.

दुकान वाचलं. मास्तर खुशीत घरात आले, तर आत भांडी जरा जास्तच वाजत होती. आपण कुणाला काय बोललो, ते आत्ता त्यांच्या डोक्यात शिरलं.

"जेवायला वाढतेस ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"वाढते की," आतून आवाज आला. "भिकार हातचं चालेल ना?"