हळदीतला कोरडा माणूस

जव्हारच्या बाजारात गोकुळचं दुकान कुठे म्हणून विचाराल तर कुणी धड सांगणार नाही, कारण ते दुकान नव्हेच. झेरॉक्सवाल्याच्या मागच्या खोलीत एक निळा पडदा, एक डगमगतं स्टूल, खिळ्याला आरसा आणि दोऱ्याला बांधलेला कंगवा, एवढाच त्याचा संसार. पण 'फोटोवाला गोकुळ' म्हणा, शिरपामाळापासून दाभोशापर्यंत कुणीही तुम्हाला हाताला धरून आणून सोडेल. लहान मूल फोटोला बसताना रडायला लागलं की हा गडी इतकं वेडंवाकडं तोंड करतो की मूल रडायचं विसरतं आणि आई हसत सुटते. मग आईलाच हसू आवरा म्हणून सांगावं लागतं.

गेल्या पावसाळ्यात त्याच्या जुन्या कॅमेऱ्याने राम म्हटला. जव्हारचा पावसाळा कसला असतो ते ज्याच्या चपलांना बुरशी आली आहे त्यालाच ठाऊक. धुकं दार न वाजवता घरात शिरतं आणि पेटीतल्या कपड्यांपर्यंत पोचतं. गोकुळच्या कॅमेऱ्याच्या भिंगातही ते पोचलं. आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली आणि पासपोर्टच्या फोटोतले सगळे लोक धुक्यातून चालत आल्यासारखे दिसू लागले.

अशा वेळी मोखाड्याचा उमेश देवासारखा धावून आला. उमेश त्याचा जुना दोस्त, दोघांनी लग्नांचे फोटो काढायला बरोबरच सुरुवात केली होती. आता उमेशला लांबच्या आश्रमशाळेत मास्तरकी लागली होती आणि त्याच्याकडचे दोन कॅमेरे पडून राहणार होते. त्याने दोन्ही गोकुळच्या पुढ्यात ठेवले.

"गोकुळ्या, दोन्ही घेऊन जा. होळीपर्यंत वापर. एक तू ठेव, दुसरा माझ्या धाकट्या भावाला. पण आधी तू निवड."

दोन्ही तर ठेवता येणार नव्हते, आणि खरं सांगायचं तर निवडण्यासारखंही त्याला काही दिसत नव्हतं. एक होता मोठा डीएसएलआर. काळाभोर, जड, हातभर लेन्सचा, गळ्यात अडकवला की मान आपोआप ताठ होईल असा. दुसरा साबणाच्या वडीएवढा, भडक केशरी, पोरांच्या खेळण्यासारखा. "हा पाण्यात चालतो, आपटला तरी फुटत नाही," असं म्हणत उमेशने तो खरंच जमिनीवर आपटला आणि उचलून बादलीत टाकला. गोकुळने घाईने बादलीत हात घातला. केशरी कॅमेरा मात्र बादलीतून निघाला तो जसाच्या तसा.

"दाभोशाच्या धबधब्यावर पर्यटकांचे फोटो काढायला घेतला होता. मजा आहे," उमेश म्हणाला.

मजा असेल, पण मजेने पोट भरत नाही, आणि मानही मिळत नाही. आदल्या वर्षी जव्हारच्या एका मास्तरांच्या मुलीचं लग्न गोकुळच्या हातून गेलं होतं. मास्तरांनी त्याचा जुना कॅमेरा उलटसुलट करून पाहिला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "यापेक्षा मोठा नाही का हो तुमच्याकडे?" फोटोवाला नाशिकहून आला. गोकुळला लग्नाचं आमंत्रण मात्र अगत्याने होतं. तो गेला, जेवला, पण त्या दिवशीची जिलबी त्याने पानात तशीच ठेवली. जव्हारात ज्याच्या गळ्यात मोठा कॅमेरा नाही तो फोटोग्राफर नव्हेच, हे तेव्हापासून त्याच्या मनाने घेतलं होतं. म्हणून मोठा ठेवायचा आणि केशरी परत द्यायचा, हे त्याचं एसटीत बसतानाच ठरून गेलं होतं.

"मग दोनी कशाला आनलंस?" बायकोने, ममताने विचारलं.

"उमेश बोलला म्हनून."

"ठरवला तं तू हायसच," ममता म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. तिला नवरा पुरता पाठ होता.

त्याच माघात गोकुळच्या बहिणीचं, सकूचं लग्न निघालं. आता सकूचं लग्न म्हणजे नवी नवरी नवा नवरा असं काही नाही. सकू आणि कान्हा कितीतरी वर्षं एकत्र नांदत होते, त्यांची रविना शाळेतही जायला लागली होती. इकडच्या वारली पाड्यांवर यात कुणाला वावगं वाटत नाही. माणसं जमली, धान्य जमलं, की लग्न लागतं. तोवर संसार कुणासाठी थांबत नाही. पण सकूच्या बाबतीत लोक चिडवत, ते निराळ्या कारणाने. गोकुळची आई गोजाबाई धवलेरी होती. वारल्यांच्या लग्नात धवलेरी गाते आणि तिच्या गाण्यांनीच लग्न लागतं. आसपासच्या निम्म्या पाड्यांची लग्नं गोजाबाईच्या गळ्यातून लागली होती, आणि तिची स्वतःची लेक तेवढी राहिली होती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

सकूने भावाकडे एकच मागणं मागितलं होतं. "दादा, माज्या हलदीचे फोटू पायजेत."

हे मागणं वाटतं तितकं सोपं नव्हतं. हळदीच्या दिवशी पाड्यावरचे सगळे मोबाइल घरात जातात आणि भाताच्या कणगीत पुरले जातात, कारण त्या दिवशी मांडवात कोरडं काही राहत नाही. हंडेच्या हंडे हळदीचं पाणी कालवतात आणि ज्याला त्याला न्हाऊ घालतात. हळदीत कोरडा राहिला तो परका, अशी इकडची समजूत. त्यामुळे लग्नाचे फोटो घरोघर आहेत, हळदीचे कुणाकडेच नाहीत.

गोकुळच्या स्वतःच्या घरातली भिंतही फोटोंनी भरलेली. चुलतभावांची लग्नं, बारशी, बोहाड्याच्या उत्सवातली मुखवट्यांची सोंगं, सगळी गोकुळने काढलेली. गोजाबाई अधूनमधून त्या भिंतीपुढे उभी राहायची आणि बोट फिरवत विचारायची, "हा कोन ता कलला. ही कोन ता कलला. तू कुठं हायस?"

"आय, मी काढतोय ना!"

"काढनारा दिसत नाय, तं आला होता कशावरून?"

यावर गोकुळ हसून बाहेर निघून जायचा.

हळदीच्या आदल्या दिवशी घरात लग्नाचा चौक लिहिला गेला. मातीच्या काळपट भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघा, कवडशाएवढा उजेड, आणि त्यात बायकांची हलती बोटं. गोकुळने मोठा कॅमेरा डोळ्याला लावला. त्या अंधारात एक फोटो असा आला की तो स्वतःच मागच्या पडद्यावर बघत राहिला. भिजल्या पिठाची चकाकीसुद्धा त्यात उतरली होती. बोटांच्या मागे गोजाबाईचा चेहरा होता, ओठ गाण्यात अर्धवट उघडलेले. एवढ्या वर्षांत त्याच्या हातून असा फोटो निघाला नव्हता. त्याने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. मास्तर, या म्हणावं आता, बघा.

दुसऱ्या दिवशी हळद. गोकुळ नवा शर्ट घालून, गळ्यात मोठा कॅमेरा अडकवून मांडवात उभा राहिला. केशरी कॅमेरा त्याने मोठ्याच्या पिशवीतून काढून कोपऱ्यातल्या सुपात ठेवला होता, पिशवीत जागा खातो म्हणून.

हंडे आले, तांबे बुडाले, आरडाओरडा सुरू झाला. कान्हाच्या भावांना पोरींनी घेरून पिवळं केलं. ममताने नणंदेला भिजवलं, नणंदेने ममताला. आणि या सगळ्या धुमाकुळात गोकुळच्या भोवती मात्र दोन हात जागा मोकळी राहिली. भरला तांबा घेऊन धावत येणारी पोरं त्याच्यापाशी आली की वळसा घालून जायची. "गोकुळदादाला नको, गोकुळदादाला नको, क्यामेरा हाय!"

सुरुवातीला त्याला बरं वाटलं. लोक वस्तूचा मान राखतायत. त्याने लांबून फोटो काढले. दुरून डोंगर साजरे म्हणतात, ते डोंगरांपुरतं ठीक आहे. माणसं लांबून साजरी दिसत होती खरी, पण कॅमेरा आपल्याकडे वळला की तीच माणसं हसू आवरून, हात बाजूला धरून, शाळेच्या फोटोतल्यासारखी उभी राहत होती.

मग सकू आली. दोन्ही हातांची ओंजळ हळदीने भरलेली, केसांतून पिवळं पाणी गळतंय, आणि चेहरा असा फुललेला की गोकुळला ती लहानपणीची सकू दिसली, ओहोळात त्याच्या मागे खेकडे धरायला येणारी. ती थेट त्याच्याकडे धावत आली आणि एकदम थांबली.

"अगो बाय, दादा, तुजा क्यामेरा," ती म्हणाली, आणि तिने ती ओंजळ बाजूला उभ्या असलेल्या कमूच्या गालांना फासली. कमू शेजारची. भावाची हळद शेजारणीला गेली.

तेवढ्यात बाजेवर बसलेल्या ढवळूबाबाने मान वर केली. म्हातारा मोठा हौशी, पण डोळ्यांना कमी दिसायचं. त्याने गोकुळकडे हात दाखवून मोठ्याने विचारलं, "ह्यो पाव्हना कोन रं? अजून कोरडा कसा?"

सगळा मांडव खो खो हसला. गोकुळही हसला. पण ते त्याला लागलं, फार लागलं. सख्ख्या बहिणीच्या हळदीत, स्वतःच्या अंगणात तो पाहुणा ठरला होता, आणि म्हाताऱ्याचं काही चुकलंही नव्हतं.

नेमकं त्याच वेळी गोजाबाईचं काम चाललं होतं. धवलेरीची रीत अशी की मांडवात आलेल्या प्रत्येक नव्या वस्तूला हळद लावायची. मुसळ झालं, टोपल्या झाल्या, नवी मडकी झाली. सूप पुढे ओढताना तिला त्यात एक केशरी, चकचकीत, कधी न पाहिलेली डबी दिसली. नवी वस्तू! तिने गाणं न तोडता ती उचलली आणि हंड्यात बुडवली, चांगली कोपरापर्यंत हात घालून.

"आय! आय, नको!" गोकुळ ओरडला. उमेशची बादली तो साफ विसरला होता.

गोजाबाईने शांतपणे डबी बाहेर काढली, पदराने पुसली आणि त्याच्या हातात दिली. "नवी हाय नं? मंग हलद नको तिला?"

गोकुळने बटण दाबलं. कॅमेरा उजळला. पडद्यावर पिवळ्या थेंबांमागे आई दिसत होती. त्याच्या जिवात जीव आला, पण तो फार वेळ टिकला नाही. गोजाबाईची नजर आता त्याच्या गळ्याकडे वळली होती.

"अन् हा? ह्याला नाय लावली अजून?"

ती हळदीने माखलेले दोन्ही हात पुढे करून निघाली. धवलेरीला मांडवात कोण अडवणार? गोकुळ पळाला. अडतिशीचा बाप्या मोठा कॅमेरा पोटाशी धरून आईपुढे पळतोय आणि आई मागे "थांब रं, थांब!" करत येतेय, हे बघून ढवळूबाबासुद्धा उठून उभा राहिला. गोकुळ तडक घरात शिरला, कॅमेरा पिशवीत घातला, चेन ओढली आणि पिशवी कणगीत, पाड्यावरच्या सगळ्या मोबाइलांच्या शेजारी, भातात खोल पुरून टाकली.

आणि मग तो बाहेर आला. गळा मोकळा, हातात केशरी डबी. मांडवाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि पहिला हंडा सकूने ओतला.

पुढचं सांगायला नको. नव्या शर्टाचं मातेरं झालं. त्याने भिजत, घसरत, हसत फोटो काढले. हंड्यात हात बुडवून तळातून वर फोटो काढला, त्यात वाकून बघणारे सगळे चेहरे पिवळ्या पाण्यातून हलताना दिसतात. मग कुणीतरी कॅमेरा त्याच्या हातून ओढून घेतला, तो कान्हाकडे गेला, ममताकडे गेला, चिखलात पडला, धुतला गेला आणि शेवटी गोजाबाईच्या हातात आला. जन्मात तिने कॅमेरा धरला नव्हता. "कुठं दाबू?" तिने विचारलं आणि उत्तर येण्याआधीच दाबलं.

होळीला उमेश आला. गोकुळने मोठी पिशवी त्याच्यापुढे ठेवली.

"डोकं फिरलं का तुझं?" उमेश म्हणाला. "जव्हारची लग्नं जातील हातची."

"जातील."

उमेशने चौकाचा फोटो पाहिला, मोठा करून पुन्हा पाहिला. "असा फोटो त्या छोट्याने कधी निघायचा नाही, गोकुळ्या."

"ठाऊक हाय मला," गोकुळ म्हणाला. पिशवीचा पट्टा सोडताना त्याचा हात जरा रेंगाळलाच, ते उमेशलाही दिसलं. वाईट वाटलं त्याला, नाही कशाला म्हणा. पण पस्तावा नव्हता.

जव्हारची दोन-चार मोठी लग्नं खरंच नाशिकवाल्यांकडे गेली. जावोत. दाभोशाकडच्या पाड्यांवरून मात्र आता हळदीची बोलावणी येतात, मोखाड्याच्या डोंगरातूनही येतात, आणि प्रत्येक जण एकच अट घालतो की जुने कपडे घालून ये. गोकुळ रात्री पिवळा होऊन घरी येतो, ममता कॅमेऱ्याला भांड्यांबरोबर ओहोळावर नेऊन घासते, आणि दुसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या मागच्या खोलीत त्याच कॅमेऱ्याने पासपोर्टचे फोटो निघतात.

भिंतीवर दोन नवे फोटो लागले आहेत. एक चौकाचा, ज्याच्यापुढे येणाराजाणारा थबकतो. दुसरा गोजाबाईने काढलेला. त्यात सकूचं कपाळ कापलं गेलंय, कान्हाचा नुसता खांदा आलाय, आणि एका कोपऱ्यात गोजाबाईच्याच बोटाचा पिवळा ढग आहे. मधोमध मात्र एक माणूस डोक्यापासून पायापर्यंत हळदीत निथळत, तोंड उघडं टाकून हसतोय. तो इतका माखलाय की ओळखूच येत नाही.

कुणी विचारलं की गोजाबाई हातातलं काम टाकून उठते आणि त्या माणसावर बोट ठेवते.

"ह्यो नं? ह्यो फोटू काढनारा," ती म्हणते. "आला होता."