पोप निवडेपर्यंतचे फोन

गोव्यात मोपाच्या विमानतळावर मला सोडायला आई आली, बाबा आले नाहीत. आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मदाखल्यावर मी पोर्तुगीज पासपोर्ट काढला आणि भारताचा परत केला, हे त्यांना सहनच झालं नाही. "पासपोर्ट बदललो, आतां घरूय बदल," एवढंच म्हणाले नि ट्रक पुसायला निघून गेले. आमच्या गावच्या, सुर्ल्याच्या खाणीवर उभा जन्म ट्रक चालवलेला माणूस, एकदा बोलला की बोलला.

त्यानंतर दोन वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत. इथे रोममध्ये मी पोपच्या चौकाजवळ एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये काम करतो. दर रविवारी आईला फोन करायचो, तेव्हा मागे बाबांचं खोकणं ऐकू यायचं. माझ्यासारखे जे निघून आले, त्यांनी अशी खोकणी ऐकली असतील. गावात राहिलेल्यांनी खोकणारे पाहिले असतील.

मग जुने पोप वारले आणि कार्डिनल धर्मगुरूंनी नवे निवडायची वेळ आली. सगळं जग आमच्या चौकात लोटलं. एका दुपारी फोनवर बाबांचा नंबर दिसला. आईला काही झालं की काय, म्हणून पिठाच्या हातानेच उचलला.

"तांका भितर बंद करून दवरतात म्हणतात, खरें?"

कसा आहेस नाही, काही नाही.

"हय, कार्दिनालांक," मी म्हटलं. "मोबायलूय काडून घेतात."

"म्हणजे आमच्या पंचांसारखें! सरपंच ठरता म्हणसर रिसॉर्टांत!" आणि घाईघाईने पुढे, "हॉटेलार लोक विचारतात म्हूण फोन केलो."

चहाच्या हॉटेलातले लोक मग रोजच विचारू लागले. आत जेवण कोण करतं? काळा धूर कशाचा? एखादा रुसून मधेच उठला तर? फेस्ताच्या, म्हणजे सणाच्या जेवणाशिवाय कधी चर्चकडे न वळलेले बाबा, पण चौकशी अशी की मला उत्तरं येईनात. मी आमच्या इटालियन कुकला विचारायचो. तो इतका कावला की एकदा म्हणाला, तुझ्या बापालाच इकडे आण.

धूर काळा निघाला, म्हणजे अजून निवड नाही, की चौक हळहळायचा. खूश होणारा बहुधा मी एकटाच. निवड लांबली तर बाबांचे प्रश्न लांबतील, एवढाच माझा हिशेब होता.

शेवटी पांढरा धूर आला, घंटा वाजल्या, माणसं रडली. मी ॲप्रनवरच बाहेर धावलो आणि बाबांना फोन लावला. "टीव्हीर दिसता," म्हणून त्यांनी ठेवून दिला. पुढचे दोन दिवस फोन नाही. संपलं, असंच मी धरून चाललो आणि बटाटे सोलत राहिलो.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"नवो पोप रोमचो न्हय मूं? आतां ताका आपल्या गांवांत वचूंक मेळटा?"

"रावपाक ना," मी म्हटलं. "भेटपाक वचूं येता."

पोपला गावी राहायला जाता येत नाही, नुसतं भेटायला जाता येतं, एवढं त्यांनी ऐकून घेतलं.

"मगे तूंय येवन वच."

येऊन जा, असं आमच्याकडे पाहुण्याला म्हणतात, घरच्या माणसाला नाही. ते मला लागलं. फोन ठेवल्यावर रडलोही. पण आमच्यासारख्या गेलेल्यांना घर उरतं ते बहुधा एवढंच, कोणीतरी ये म्हणणारं. सुर्ल्याला मी पाहुणा म्हणून जाणार आहे. तिकीट काढलं.