शेवटचे तीन मीटर

बंदरातले लोक त्याला कासवराव म्हणत, आणि त्यात कौतुक कमी, थट्टाच जास्त. पाण्याखालचे गंजलेले खांब दुरुस्त करणारा हा पाणबुड्या जमिनीवर चहा निवेपर्यंतसुद्धा थांबत नसे. जीभ कायमची पोळलेली. नव्या पाणबुड्यांना मात्र रुबाबात सांगे, "वर येताना आपला बुडबुडा पुढे, आपण मागे. श्वास कोंडायचा नाही, वाटेत थांबे घ्यायचे. घाई केली की रक्तातच बुडबुडे होतात." लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

होडीत दोर धरायला त्याचा मेहुणा असे. तिथली रीतच तशी, दोर बायकोच्या भावाच्या हाती द्यायचा. बहीण विधवा व्हावी असं कुठल्या भावाला वाटेल? फक्त या भावाच्या तोंडात तीळ भिजत नसे.

बायकोचे दिवस भरत आले होते. त्या दुपारी कासवराव वर येताना शेवटच्या थांब्यावर, तीन मीटर पाण्याखाली, दोर धरून लटकला होता. अकरा मिनिटं काढायची होती. तेवढ्यात दोरावरून पाटी घसरत आली: 'ताईला दवाखान्यात नेलंय. बाळाचे ठोके मंदावलेत.'

झालं! ब्रह्मज्ञान गेलं पाण्यात. त्याने दोर तीनदा ओढला, म्हणजे 'वर घे'. वरून एकच हिसका आला, म्हणजे 'थांब'. त्याने कमरेच्या शिशाच्या पट्ट्याचं बक्कल उघडलं. पट्टा सोडला की बुचासारखा वर! पट्टा मुठीत धरून त्याने मेहुण्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. त्या बायकोच्याही आहेत हे सातवीला लक्षात आलं. दर मिनिटाला वरून एक हिसका येत होता. आठव्या हिसक्याला त्याला उमगलं, वर बसलाय त्याची ती सख्खी बहीण आहे, आणि तोही जागचा हललेला नाही. त्याने मूठ आवळली, ती अकरा मिनिटं भरून होडीत चढेपर्यंत.

"मुलगी झाली, दाजी! दोघी सुखरूप. फोन पाचव्या मिनिटालाच आला."

"अरे गाढवा, मग दुसरी पाटी का नाही सोडलीस?"

"वाईट बातमीला कसेबसे थांबलात. आनंदाच्या बातमीला थांबला असतात?"

तेवढ्यात मेहुण्याची नजर उघड्या बक्कलावर गेली. त्याने पट्टा मुठीतून काढून घेतला आणि बक्कल घट्ट लावून टाकलं. कासवराव होडीच्या तळाशी बसून ढसाढसा रडला. मुलगी झाली म्हणून, असं तो आजही सांगतो.