दोन बोय

आमच्या अमेरिकेतल्या नोव्हाय गावातले दिगंबरकाका म्हणजे एक नंबरचे हट्टी. जन्मभर गाड्यांच्या कंपनीत डिझाइन केलं, रिटायर झाले आणि बेसमेंटमध्ये लाकडाच्या पाणबुड्या कोरत बसले. त्याही कुठल्या, तर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या, रशियाच्या झारच्या नौदलातल्या! मी त्यांची शेजारीण, देवयानी. चहाला गेले की दोन तास सुटका नसायची.

खरं तर हे खूळ नीलाकाकूंचं. लग्नाआधी त्या पुण्यात रशियन शिकवायच्या. त्या जुनी रशियन पुस्तकं वाचून सांगायच्या आणि काका कोरायचे. त्या पाणबुड्यांना माशांची नावं असत, आणि आमचे काका पडले रत्नागिरीचे. ‘अकुला’ला ते मुशी म्हणत, ‘मकरेल’ला बांगडा आणि ‘केफाल’ला बोय. काकू चिडायच्या, नौदल आहे हो ते, मासळीबाजार नाही. एवढं असून काका रशियन काही शिकले नाहीत. तू आहेस ना, म्हणायचे.

गेल्या वर्षी काकूंना स्ट्रोक आला. मराठी गेलं, इंग्लिश गेलं. नर्सिंग होममध्ये वाकड्या झालेल्या तोंडाने त्या एकच काहीतरी पुटपुटत राहायच्या. डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस नाहीत, इथेच ठेवायचं की घरी न्यायचं ते तुम्ही ठरवा. काकांनी काकूंचा हात हातात घेतला.

"नीला, काय हवंय तुला? सांग."

काकू बोलल्या. काकांना ऐकू आलं, ‘दोन बोय’. माणूस आनंदाने रडायलाच लागला. बघ, आमची भाषा हिला अजून आठवते! ऐकलंस ना, असं त्यांनी मला विचारलं. मीही मोठी शहाणी, मान डोलावली. हो काका, बोयच म्हणाल्या.

झालं. इथे तिची सोय नीट होते, घरी जिने चढवायचे कसे, असं म्हणत काकांनी त्यांना तिथेच ठेवलं. सकाळी काकूंजवळ बसायचे आणि दुपारी घरी येऊन दोन केफाल कोरायचे. काकू रोज तेच म्हणायच्या. काका सांगायचे, होतायत गं, होतायत. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी दोन्ही पाणबुड्या नेऊन काकूंच्या हातात दिल्या. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दाराकडे बघून पुन्हा तेच म्हणाल्या. दोन दिवसांनी गेल्या.

सामान आणायला मीच काकांना ड्राइव्ह करून नेलं. तिथे एक नवी नर्स भेटली, रशियन बोलणारी. शेवटच्या दिवशी तिची ड्यूटी होती. हळहळून म्हणाली, किती स्वच्छ रशियन बोलायच्या हो. सारखं ‘दमोय, दमोय’ चाललं होतं. काकांनी अर्थ विचारला.

"घरी. मला घरी न्या."

काका खुर्चीत बसले. मग म्हणाले, "मी विचारलं होतं गं. तिनं सांगितलं होतं."

मी त्यांना धीर द्यायला म्हटलं, काका, मलाही बोयच ऐकू आलं होतं. खोटं बोलले. मला त्या दिवशी काहीच नीट ऐकू आलं नव्हतं. काकांचा आनंद मोडवेना, म्हणून मी हो म्हटलं होतं.