बुजवलेली भोकं

खडी फोडून पोट भरणाऱ्या एका बाईचा जीव घेतला गेला. मंगळवारी, दुपारी तीन वाजता, स्वतःच्या घरात भाकरी थापताना. लातूर जिल्हा नवा होता, दुष्काळ जुनाच. ती दुपार आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

औशाकडच्या एका गावात मी फौजदार होतो. तिच्या घराच्या वरच्या अंगाला एका आडत्याने भराव टाकून अंगण वाढवलं होतं. भराव अडवायला बारा फुटांची भिंत, वर टँकरच्या पाण्याचा हौद. तीच भिंत खाली आली. ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली.

पंचनामा चालू असताना मयताची जाऊ पुढे आली. "सायेब, दगडं काय मोजता? भोकं बघा."

"कसली भोकं?"

"हौद झिरपायचा. भिंतीच्या भोकातून पाणी यायचं, आमी घागरी लावायचो. वरच्या मालकाला बघवलं न्हाई."

ढिगाऱ्यातून, भरावातलं पाणी बाहेर पडावं म्हणून भिंतीत बसवलेल्या पाइपाचे तुकडे निघाले. प्रत्येकाच्या तोंडात सिमेंट. पाणी भरावात कोंडलं आणि भिंत ढकलली गेली. तुकडे मुद्देमालात घेतले, भिंतीचं काम केलेल्या गवंड्याला ठाण्यात आणलं. मी आवाज चढवला.

"वरडू नका सायेब, सांगतो. मालक म्हणला, 'माझं पाणी फुकट भरून राहिल्यात, बुजव.' मी म्हणलं, भित फुगंल. तर म्हणतो, 'तू गवंडी हायस का इंजिनेर?'"

परवानगीचा कागद मागवला. त्यावर लिहिलं होतं: कुंपण, चार फूट. भराव अडवणाऱ्या भिंतीला नकाशा लागतो, अभियंत्याची पाहणी लागते. कुंपणाला एक शिक्का पुरला. पाहणी कुणी केली? नवं कार्यालय म्हणे, दप्तर जुन्या जिल्ह्यात आहे. जुनं म्हणे, कधीच पाठवलं. मालक म्हणाला, मी बुजवायला सांगितलंच नाही. शिक्षा गवंड्याला झाली. मालक सुटला आणि त्याच भरावावर त्याने पुन्हा हौद बांधला.

आणि मी? महिनाभर आधी तीच बाई 'भिंतीला पोट आलंय' असा अर्ज घेऊन ठाण्यात आली होती. 'दिवाणी बाब' असा शेरा मारून मीच तिला परतवून लावलं. खाली तिचा अंगठा, वर माझी सही. तो कागद मी कोर्टापुढे ठेवला नाही.

नियम होता, शिक्का होता, ठाणं होतं. त्यातलं काहीही तिच्या कामाला आलं नाही. हेच शिकलो.

तुमच्या भरावाखाली कुणाचं घर आहे? आज परवानगीचा कागद काढा आणि त्यावर काय लिहिलंय ते वाचा. मग खाली उतरा. भोकं बुजलेली दिसली, तर तिथेच उभे राहून फोडा.