टर्नरबाईंच्या खुर्चीची सातवी दांडी

निशिकांतला ढिलं काम बघवत नसे. चाळीस वर्षं भोसरीच्या कारखान्यात लेथवर उभा राहिलेला माणूस. निवृत्त झाल्यावर मुलगा सारंग त्याला आणि त्याच्या बायकोला, नंदाला, सिंगापूरला वुडलँड्समधल्या आपल्या फ्लॅटमध्ये घेऊन आला. निघताना नंदाने बॅगेत मेतकूट भरलं, याने मापं घ्यायचा व्हर्नियर.

बाराव्या मजल्यावर शेजारच्या दारावर पाटी होती : डी. टर्नर. डोरीनबाई एक्याऐंशीच्या. रंग आपल्यासारखा, आडनाव इंग्रजी. पणजोबा साहेबाच्या जहाजावरचा सुतार, पणजी मलाक्क्याची. बाईंनी लग्न केलं नाही, भाऊ सेसिल सहा वर्षांपूर्वी गेला. त्यांचं इंग्रजी सिंगापुरी वळणाचं, वाक्याच्या शेवटी 'लाह' लावणारं, निशिकांतचं कारखान्यातलं. दोघांचंही तुटक, म्हणून जमे.

"मी पण टर्नर," पहिल्या भेटीतच त्याने सांगितलं होतं. "तुमचं आडनाव, माझा हुद्दा."

बाई तेव्हा हसल्या नाहीत. त्याच्या हातांकडे बघत राहिल्या.

जूनमधल्या एका दुपारी त्यांनी दार वाजवलं. "अंकल, तुम्ही खरे टर्नर ना? मग या, लाह. खुर्ची बघा."

खुर्ची सागाची, काळी पडलेली. पाठीत सात कातीव दांड्या. टर्नरांच्या घरात मूल जन्मलं की बापाने दांडी कातायची, तिच्यावर नाव कोरायचं आणि खुर्चीत बसवायची, अशी पद्धत. निशिकांतने पाठीवरून बोट फिरवलं. सहा दांड्या भोकांत खुळखुळल्या. सातवीवर डोरीन असं कोरलेलं.

"हे सहा गेले," बाई म्हणाल्या. "माणूस जायच्या महिनाभर आधी त्याची दांडी फिरायला लागते. सेसिलची मी पाहिली. गेल्या आठवड्यापासून माझी फिरतेय."

"लाकूड आहे बाई. सुकतं, आखडतं."

त्याने दांडी काढली. टोक मोजलं, भोक मोजलं. पुन्हा मोजलं. टोक भोकापेक्षा केसभर जाडच होतं. अशी दांडी हातोडीने ठोकून बसते, फिरत नाही. त्याने सरस लावून ठोकली आणि जोडावर पेन्सिलीची आडवी रेघ मारली, अर्धी दांडीवर, अर्धी चौकटीवर.

दुसऱ्या दिवशी रेघेचे दोन तुकडे झाले होते. मध्ये बोटभर अंतर. सरस मात्र तडकला नव्हता.

निशिकांतने उकिडवं बसून ते अंतरही मोजलं. व्हर्नियर खोटं बोलत नाही, हे तो नव्या पोरांना चाळीस वर्षं सांगत आला होता.

"दांडी काढून भोक रिकामं ठेवलं तर?"

"सेसिलने ठेवलं होतं," बाई म्हणाल्या. "एकच दिवस. दुसरा त्याने पाहिला नाही."

"मग नवी कातून बसवतो."

बाईंनी टेबलावरचा कागद पुढे केला. लायब्ररीतून आडनावाची माहिती छापून आणली होती. इंग्लंडात हे नाव पहिल्या पन्नासांत, लाखावर माणसं ते लावतात. "तिकडे इतके, इकडे मी एकटी. पण खालचं वाचा, लाह."

खाली लिहिलं होतं, की जुन्या काळी जो लाकूड कातायचा त्याला लोक टर्नर म्हणायचे. आडनाव रक्ताने मिळालं ते नंतर. आधी ते कामाने मिळत होतं. शेजारी एक चित्र होतं. एक माणूस एकटाच पायाने फळी दाबतोय, डोक्यावर वाकलेली काठी, काठीला दोरी.

"या खुर्चीला जुनाच नियम माहीत आहे," बाई म्हणाल्या. "जो कातेल त्याचं नाव लागेल, मग दांडी त्याच्यासाठी फिरेल. मी भित्री आहे, पण फसवणारी नाही. विचार करा."

निशिकांतने विचार केला तो लाकडाचा. इमारतीखाली कोणीतरी जुना पलंग टाकून दिला होता, त्याचे पाय सागाचे निघाले. एक त्याने वर आणला. लेथ नव्हता. त्याचे वडील सावंतवाडीला पाळण्यांचे खांब कातायचे, तेव्हा आई दोरी ओढायची. लाकडाला दोरीचा वेढा घालून एकाने दोरी मागेपुढे ओढायची, दुसऱ्याने पटाशी धरायची. तसंच करायचं ठरलं. सारंग आणि सूनबाई कामावर गेले, की स्वयंपाकघराच्या मागच्या जागेत.

"चाळीस वर्षं मशीन चालवलंत," नंदा पदर खोचून म्हणाली. "आता बायको चालवा."

"सरळ ओढ. हिसका नको."

"मशीनला पण असंच बोलायचात? बिचारं!"

खुर्चीच्या नियमाबद्दल त्याने तिला काही सांगितलं नाही. उगाच घोर कशाला? दोन दिवसांत दांडी झाली. व्हर्नियरने कुठेही धरा, फरक नाही. त्याने ती ठोकून बसवली, रेघ मारली. काढलेली दांडी बाईंनी कपाटावर ठेवली. तिथे ती मुकाट पडून राहिली. चार दिवसांनी बाई निर्धास्त होऊन एकट्या बसने मार्केटला जाऊन मासे घेऊन आल्या.

रेघ मात्र सरकली होती. फार नाही, सूतभर. निशिकांतने पाहिलं आणि मान हलवली. आपली एकोणसत्तर वर्षं झाली, काही कमी नव्हेत. काम चोख झालं होतं, त्याचा दाम असायचाच.

त्या दिवशी बाईंनी दोघांना चहाला बोलावलं. नंदा खुर्चीपाशी उभी राहिली आणि तिने दांडीवर थोपटलं. "यांचं एकट्याचं कौतुक नको हं, डोरीनताई. दोरी मी ओढली. अर्धी दांडी माझी!"

निशिकांतने तिचं बोलणं इंग्रजीत करून सांगितलं नाही. पण तिने हातांनी दोरी ओढून दाखवली, तेव्हा बाईंना कळलं. त्यांनी कप खाली ठेवला, दोघंही नंदाच्या हातांकडे बघू लागले.

"अहो, असं काय बघता?" नंदा उजवा हात झटकत म्हणाली. "दोन दिवस झाले, या हाताला मुंग्या येतायत. दोरीने असेल."

दोरी ओढली होती त्याच हाताला. डॉक्टरने तपासलं, सगळं ठीक म्हणाला. दुसऱ्या दिवशी बधिरपणा कोपरापर्यंत चढला. तिच्या हातून आमटीची वाटी निसटली आणि ती त्या हाताकडे परक्याचा असावा तशी बघत राहिली. निशिकांत शेजारी गेला. रेघेचे तुकडे बोटभर लांब गेले होते.

"तो कागद द्या," तो बाईंना म्हणाला.

चित्र त्याने नीट पाहिलं. फळी, दोरी, काठी, एकटा माणूस. पलंगाचे बाकीचे पाय अजून खालीच पडले होते. घरी कपडे वाळत घालायचा बांबू होता. त्याचं एक टोक त्याने खिडकीच्या गजाला घट्ट बांधलं, दुसरं मोकळं सोडलं. मोकळ्या टोकाची दोरी लाकडाला वेढा देऊन खाली पायातल्या फळीला बांधली. पाय दाबला की लाकूड फिरायचं, तेवढ्यात कातायचं. पाय उचलला की बांबू दोरी परत खेचून घ्यायचा.

नंदा दारात आली. "थांबा, मी धरते."

"हात लावू नकोस."

"अहो, पण—"

"नंदा, कशालाच हात लावायचा नाही. दोरीला नाही, फळीला नाही. झाडूसुद्धा मारायचा नाही."

असा आवाज त्याने तिच्यासमोर कधी काढला नव्हता. ती स्टूल घेऊन दारात बसली, बधिर हात मांडीवर ठेवून.

दोघांचं काम एकट्याने करायला वेळ जास्त लागतो. त्याला तीन दिवस लागले. पोटरीत गोळे आले. पहिलं लाकूड शेवटच्या कड्यापाशी चिरलं, ते टाकून त्याने दुसरं घेतलं. चालून गेलं असतं, पण चालून जाणारं काम त्याने कधी दिलं नव्हतं. लाकूड कापलं त्याने, घासलं त्याने, भुसाही त्यानेच भरला. शेवटी पटाशीने दांडीवर नाव कोरलं. निशिकांत. आधीच्या दांडीवर नाव घालायचं राहिलं होतं, हे त्याला तेव्हा आठवलं.

दुपारी तीनला त्याने दोघांची दांडी खुर्चीतून उपटली, आपली ठोकली आणि रेघ मारली. बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. "अंकल, सॉरी," त्या हळूच म्हणाल्या.

"तुम्ही आधी सांगितलं होतं. वाचायला मी कमी पडलो."

उपटलेली दांडी घेऊन तो घरी आला तेव्हा नंदा उजव्या हाताने कोथिंबीर निवडत होती. "बरं वाटतंय हो," ती म्हणाली. "आत्ताच, एकदम. हे काय आणलंत? माझी दांडी का काढली? वाकडी होती का?"

"नाही. सरळ होती."

"मग?"

"घरी राहू दे."

तिने ती लाटण्यांच्या डब्यात उभी करून ठेवली. तिथे ती हलली नाही.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर निशिकांत व्हर्नियर घेऊन शेजारी गेला. रेघ पाहिली. सरकली होती. किती ते त्याने मोजलं, डायरीत तारीख घातली, आकडा लिहिला. मग दांडी हाताने धरून हलवून पाहिली. कुठेही ढिली नव्हती.