चार बोटांचा उतार

मागच्या साली आई फाटकाजवळच्या चिखलात घसरली आणि मांडीचं हाड मोडून बसली. सात-आठ महिन्यांनी काठी धरून चालायला लागली, पण अंगणात उतरायचं नाव काढीना. शेजारच्या मावशींकडे बसायला जाणं तर बंदच झालं. म्हणून उन्हाळ्यात घरापासून फाटकापर्यंत सिमेंटचे गट्टू बसवायला काढले.

मिस्त्री अड्याळचा होता. मी मिस्त्री लोकांवर विश्वास ठेवत नाही. दुधाने तोंड पोळलंय माझं. घराचा स्लॅब आजही गळतो. म्हणून कामाच्या जागीच खुर्ची टाकून बसलो. त्याने गट्टूंखाली अंथरायची चुरी पसरली, दोरी ताणली, आणि मी पकडलंच. फाटकाकडे दोरी चार बोटं खाली होती.

"इकडे चुरी कमी काहून?"

"उतार ठेवून राहिलो भाऊ. पाणी बाहेर जायले पाहिजे ना."

उतार कसला, चुरी वाचवतोय लेकाचा! "मले नका शिकवू," मी म्हणालो. "बापजाद्यापासून धान लावतो आम्ही. जमीन सपाट कशाले म्हणतात, मले समजते."

"त्याले करू दे न त्याचं काम," आई ओसरीवरून म्हणाली. मी ऐकलं नाही. फाटकाकडे आणखी चुरी टाकायला लावून सगळं एका पातळीत करून घेतलं. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोपं रोवण्याआधी पाणी सगळीकडे सारखं उभं राहिलं पाहिजे, हे माझ्या डोळ्यांत बसलेलं. वर दोन्ही बाजूंना शेताच्या धुऱ्यासारखी, बांधासारखी उंच कडही बांधून घेतली. मिस्त्रीने एकदाच विचारलं, "पक्कं ना भाऊ?" चोरी पकडली गेली म्हणून गप्प झाला, असं मला वाटलं.

पुढे पावसाळा लागला आणि दोन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी उघडलं तेव्हा आई नवी चप्पल घालून, काठी घेऊन दारात आली. मावशींकडे निघाली होती.

घरापासून फाटकापर्यंत घोटाभर पाणी उभं होतं. कुठे बोटभर कमी नाही की जास्त नाही.

"रोवण्याले बाया सांगू का?" ती म्हणाली. मला हसू आलं नाही. तीही हसली नाही. पायरीवर उभी राहून पाण्याकडे पाहत राहिली, मग चप्पल काढून भिंतीकडेला ठेवली.

"चिखल होता तवा कडेकडेनं तरी जाता येत होतं," म्हणाली आणि आत गेली.

मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. मिस्त्रीला फोन लावला आणि त्याने उचलल्यावर म्हणालो, "भाऊ, तो चार बोटांचा उतार ठेवून द्या आता."